शून्य किंवा त्याहून कमी

कंपनीत त्यांना तोंडावर सगळे सर म्हणत आणि पाठीमागे पंतोजी. कुणी येऊन सांगितलं, "सर, प्रोग्रॅम चालत नाही," की पंतोजी चष्मा कपाळावर चढवून विचारत, "चालत नाही म्हणजे? लंगडतोय की झोपलाय?" समोरचा ओशाळायचा, बाजूचे दोघंचौघं हसायचे आणि पंतोजींचा दिवस बरा जायचा. वाईट माणूस नव्हता. पण चूक आधी समोरच्याची असते, मग यंत्राची असते आणि आपली असली तर ती अजून कुणाला सापडलेली नसते, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत होती. दुर्दैवाने ती बहुतेक वेळा खरीही ठरत आली होती.

कंपनी लहान होती. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी ती वाचनपेट्या बनवायची. पेटी हातात मावेल एवढी, तिला मोठाली बटणं. बटण दाबलं की ती आतल्या पुस्तकांची नावं बोलून दाखवायची आणि हवं ते पुस्तक वाचून दाखवायची. पुस्तकं वाचणारे आवाज माणसांचेच. वाचून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी वेगळी, माइक आणि कीबोर्ड जोडता येणारी पेटी होती. या पेट्यांच्या पोटात जागा अगदी बेताची. प्रोग्रॅमिंगच्या सी भाषेची नेहमीची भलीमोठी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा साठा, त्यात मावेना, म्हणून पंतोजींनी ऐन उमेदीत स्वतःची लहानशी लायब्ररी लिहून काढली होती. फाइल उघडणं, अक्षरं मोजणं, फोल्डरमध्ये काय काय आहे ते वाचणं, अशी रोजची कामं करणारी फंक्शनं त्यात होती. बाकीचे सगळे त्या पायावर आपापले मजले चढवत. पाया कुणी उकरून पाहत नसे.

फोल्डर वाचायचा प्रकार मोठा मजेदार असतो. आत कोणत्या फाइली आहेत ते प्रोग्रॅमला स्वतःला दिसत नाही. त्याला कर्नलला, म्हणजे यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याला, विचारावं लागतं. या विचारण्याला सिस्टिम कॉल म्हणतात. प्रोग्रॅमने एक रिकामं भांडं पुढे करायचं. कारभारी त्यात मावतील तेवढी नावं भरतो आणि किती भरलं तो आकडा सांगतो. पुन्हा भांडं पुढे करायचं, पुन्हा तो भरतो. शून्य म्हणाला की समजायचं, संपलं. पेटीत जागा कमी, म्हणून पंतोजींनी हे भांडं लहानसंच ठेवलं होतं. त्या काटकसरीबद्दल मालकांनी तेव्हा भर बैठकीत त्यांची पाठ थोपटली होती.

पंतोजींना एक थोरली बहीण होती. ताई शाळेत भाषा शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठलं, तेव्हा पंतोजींनीच तिला सुचवलं की तुझा आवाज चांगला आहे, तू पुस्तकं वाच. रेकॉर्डिंगची पेटी त्यांनी स्वतः नेऊन दिली, कसं करायचं ते शिकवलं. ताई हरखली. आतल्या खोलीची खिडकी लावून, पंखा बंद करून ती रोज दुपारी वाचायला बसायची. एक पुस्तक झालं की पेटीतलं कार्ड काढून गावातल्या अंधांच्या संस्थेत नेऊन द्यायची. तिच्या वाचनाचे तिथे चाहते झाले. एका म्हाताऱ्या गवंड्याने तर निरोप धाडला होता की बाईंनी वाचलेलं ऐकताना आपण जेवायचंही विसरतो.

ताईला थोडक्यात बोलणं कधी म्हणून जमलं नाही. फाइलला नाव द्यायचं तरी तिचं आपलं अख्खं वाक्य. पंतोजी म्हणायचे, "अगं, दोन शब्द पुरे."

"दोन शब्दांत कुणाला काय कळणार, बारक्या?" ती म्हणायची. बारक्याचा देह आता दारातून तिरका होऊन आत यायचा, तरी बहिणीला तो बारक्याच.

पहिली दोन पुस्तकं सुरळीत गेली. तिसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर ताईचा फोन आला. काल वाचलेलं प्रकरण पेटीत दिसत नव्हतं. पंतोजी कामात होते. त्यांनी विचारलं, सेव्ह केलंस का? ती म्हणाली, केलं. ते म्हणाले, केलं असतंस तर दिसलं असतं. तिने ते प्रकरण पुन्हा वाचलं.

मग हे वारंवार व्हायला लागलं. काल दिसलेली प्रकरणं आज नाहीत. नवं वाचलेलं दिसतंय, पण मागचं एक नाहीसं झालंय. एका पुस्तकात सगळी जागच्या जागी, दुसऱ्यात निम्मी बेपत्ता. संस्थेतूनही कळवलं गेलं की पुस्तक अर्धवट आलंय, बाकीचं राहिलं असेल तर पाठवा. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत आयुष्यभर तिने कुणाची वही तपासायची ठेवली नव्हती.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, निवृत्त झाले तेव्हा घरी जवळच्यांना जेवायला बोलावलं होतं. पंतोजी आणि त्यांची बायको, ताईची मुलगी आणि जावई, एवढीच मंडळी. जेवणं उरकून सगळे बसले असताना ताईने विषय काढला. तिने अगदी शांतपणे, एखाद्या विद्यार्थिनीसारखं विचारलं, की एकदा ठेवलेली फाइल आपोआप जाऊन परत येऊ शकते का?

पंतोजींनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, फाइल म्हणजे मांजर नव्हे. वाटेल तेव्हा घरात आली, वाटेल तेव्हा गेली, असं करायला."

हशा पिकला. दाजी डोळे पुसेपर्यंत हसले. ताईही हसली. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं ते वाक्य, पण घरात रुजलं. पुढे जो तो तिला विचारू लागला, "काय, मांजर आलं का परत?" कधी किल्ली सापडेना, कधी कुणाचं नाव आठवेना, की लगेच मांजर. पंतोजींना ते आपण कशावरून बोललो होतो याची आठवणही राहिली नाही. विनोद मात्र आपला आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि तो चालतोय याचं त्यांना बरंच वाटायचं.

या घरात त्या विनोदाला एक दुसरी बाजू होती आणि ती पंतोजींना दिसायला हवी होती. त्यांच्या आईला शेवटी विस्मरणाचा आजार झाला होता. आधी वस्तू ठेवल्याचं विसरायची, मग जेवल्याचं, मग माणसं. अखेरच्या दिवसांत ती ताईला विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" आईला ताईनेच सांभाळलं. पंतोजी सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन यायचे, आईचा हात हातात घेऊन बसायचे आणि संध्याकाळी निघून जायचे. तेव्हा आजाराची सुरुवात कशी होते, हे त्या घरात एकट्या ताईला आतून बाहेरून माहीत होतं.

ही धास्ती तिने कुणाला सांगितली नाही. ती फक्त जास्त काळजी घेऊ लागली. फाइलचं नाव देताना ती आता जास्तीचे शब्द लिहू लागली, आपलीच आपल्याला खूण म्हणून. पण प्रकरणं आणखीच नाहीशी होऊ लागली. एक दिवस ती दाजींना घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले. घाबरलेल्या माणसाला जेवढं येतं तेवढंच तिला आलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही, घराण्यात आहे म्हणता तर लक्ष ठेवू. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तिला दिवसभर पेंग यायची आणि पेंगेमुळे आणखी विसरायला व्हायचं. मुलगी चार गल्ल्या सोडून राहायची. ती रोज येऊन स्वयंपाक करू लागली. आईने एकटीने गॅस पेटवायचा नाही, असा तिने नियम केला. ताई एकटीने बाहेर पडेनाशी झाली. सगळं मायेनेच चाललं होतं.

एका सकाळी ती दाजींबरोबर भावाच्या घरी आली. पेटी तिने स्वच्छ पुसून टॉवेलात गुंडाळून आणली होती, माइकची वायर नीट वेटोळी करून बांधली होती.

"बारक्या, हे घे," ती म्हणाली. "डोकं जागेवर असलेल्या माणसाला दे. माझ्या हातून आता होत नाही."

पंतोजी म्हणाले, "बरं केलंस. दगदग वाचली तुझी."

खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. रोजचे फोन थांबणार होते.

पेटी दुसऱ्या वाचकाला द्यायची तर कार्ड पुसायला हवं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पंतोजींनी ते आपल्या टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरात घातलं. फोल्डर उघडला आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरून गेला. एकही प्रकरण गेलेलं नव्हतं. गेली कसली, काही तर दोनदा होती, तीनदा होती. नावं वाचता वाचता त्यांचा घास तोंडातच राहिला. "प्रकरण सातवे नदीकाठचे घर संपूर्ण वाचून झालेले." त्याच्याखाली, "प्रकरण सातवे नदीकाठचे घर पुन्हा वाचलेले कारण आधीचे सापडले नाही." आणि त्याच्याखाली, "प्रकरण सातवे नदीकाठचे घर तिसऱ्यांदा वाचलेले मी स्वतः दोनदा तपासलेले."

पंतोजींनी हेडफोन लावून शेवटची फाइल पुढे नेली आणि ऐकली. ताईचा आवाज, तिचं ते सावकाश, प्रत्येक अक्षराला त्याचा मान देणारं वाचन. प्रकरण संपलं. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तोच आवाज, पण हळू आणि वेगळा, म्हणाला, "हे प्रकरण मी आज पूर्ण वाचलं. दुपार आहे. खिडकी बंद आहे. मी वाचलंय. हे खरं आहे."

त्यांनी हेडफोन काढून ठेवले. आजूबाजूला डबे उघडत होते, कुणीतरी कुणाला लोणचं देत होतं. पंतोजींनी कार्ड तिथून काढलं आणि ताईच्या पेटीत घातलं. बटण दाबलं. पेटीने चार नावं घेतली आणि गप्प झाली.

त्यांनी डबा बाजूला सारला. पंतोजींनी स्वतःची लायब्ररी उघडली. फोल्डर वाचायचं फंक्शन त्यांनी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं त्यात होतंच काय? भांडं पुढे करायचं, कर्नलला विचारायचं, आकडा पाहायचा. आकडा शून्य किंवा त्याहून कमी असला तर संपलं म्हणायचं. त्या ओळीशी त्यांची नजर अडली. शून्य म्हणजे संपलं, हे बरोबर. पण शून्याहून कमी म्हणजे संपलं नव्हे. शून्याहून कमी म्हणजे कारभारी सांगतोय, की बाबा, पुढचं नाव या भांड्यात मावत नाही, भांडं मोठं आण. तो ओरडून सांगत होता आणि पंतोजींचं फंक्शन ते ऐकून बाहेर सांगत होतं, झालं, एवढंच होतं.

आता नाव मावत का नव्हतं? इंग्रजीतल्या एका अक्षराला यंत्रात एक घर लागतं. आपल्या लिपीतल्या अक्षराला तीन, काना-मात्रेला आणखी तीन. पंतोजींनी हे फंक्शन तपासलं होतं ते एक, दोन, टेस्ट, असल्या इंग्रजी नावांवर. आपल्या भाषेत एखादं धड वाक्य लिहून बघावं, हे त्यांना सुचलं नव्हतं. बाकीचे वाचक आळशी. नुसते आकडे घालून मोकळे होत. जिने मन लावून नावं दिली, तिचंच भांडं भरलं. एक लांब नाव वाटेत आलं की तिथून पुढचं सगळं अंधारात. नावं कोणत्या क्रमाने द्यायची ते कर्नल आपल्या मर्जीने ठरवतो, त्यामुळे आज एक झाकलं जाई, उद्या दुसरं. आणि ताई जितकी काळजी घेत होती तितकी नावं लांबत होती आणि जितकी नावं लांबत होती तितकं जास्त नाहीसं होत होतं.

आपला तो बाब्या! पंतोजींच्या मनात पहिल्यांदा आली ती सबब. पेटीबरोबरच्या सूचनांमध्ये छापलेलं होतं, फाइलचं नाव आटोपशीर द्यावं. ते त्यांनी कपाटातून काढून खरोखर वाचून पाहिलं. होतं तसं छापलेलं. मग त्या ओळीवर धरलेल्या आपल्याच बोटाकडे पाहून त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुरुस्ती करायला काही लागलं नाही. भांडं मोठं केलं, शून्य आणि त्याहून कमी यांना वेगवेगळ्या ओळी दिल्या. आणून ठेवलेला चहा अजून कोमट होता. एवढंसं काम होतं, याची लाज त्यांना चुकीहूनही जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी सांगितलं, की फोल्डर वाचण्यात दोष सापडला आहे, सगळ्या पेट्यांना नवी आवृत्ती द्यावी लागेल. त्यांना वाटलं होतं मालक रागावतील. मालक म्हणाले, इतक्या जुन्या कामात स्वतःच उतरून स्वतःचा दोष शोधणारा माणूस किती जणांकडे असतो? टाळ्या पडल्या. चाचणी विभागातल्या बाईंनी विचारलं, "सर, सापडला कसा?"

"एका कार्डात," पंतोजी म्हणाले. कुणाच्या, ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. टाळ्या वाजत असताना त्यांची मान जी खाली गेली, ती सगळ्यांना विनयाने गेल्यासारखी वाटली.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ताईला फोन लावला. काय बोलायचं ते वाटेत चांगलं घोकलं होतं. पण तिचा पेंगुळलेला आवाज कानावर पडला आणि घोकलेलं मागेच राहिलं. ते म्हणाले, पेटीत थोडा दोष होता, तो आता काढलाय.

"हो का?" ताई म्हणाली. "बरं झालं. पुढच्या माणसाला तरी त्रास नको." आणि तिने विचारलं, तुझं जेवण झालं का.

त्यांनी फोन ठेवला. बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिला त्यांनी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. ते सांगतानाही ते भिंतीकडे पाहून बोलले होते. तिने हातातली घडी पुरी केली आणि म्हणाली, "यंत्र बरं झालं एवढं सांगितलंत तुम्ही. ती बरी आहे, हे कोण सांगणार?"

ती रास्त बोलली होती. ताईला दोन गोष्टींचा संबंध लागलाच नव्हता. पेटीत दोष होता तो होता आणि आपलं डोकं गेलंय ते गेलंय, अशा दोन वेगळ्या गोष्टी तिने मनात शेजारी शेजारी ठेवून दिल्या होत्या.

सुट्टीच्या दिवशी ते ताईकडे गेले. भाचीला आणि जावयालाही त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. ज्यांच्यासमोर हसलो त्यांच्यासमोरच बोलायचं, एवढं एक त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बाकी काही ठरवता आलं नव्हतं. ताई खुर्चीत शाल घेऊन बसली होती. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता.

पंतोजींनी पेटी टेबलावर ठेवली, तिचंच कार्ड घातलं आणि म्हणाले, "ताई, तू काही विसरली नव्हतीस. यातलं सगळं तू वाचलं होतंस. ते आतच होतं. दाखवायचं काम माझं होतं."

मग त्यांनी बटण दाबलं. पेटी आपल्या सपाट, निर्जीव आवाजात एकेक नाव घेऊ लागली. प्रकरण पहिले, प्रकरण दुसरे. मग लांब नावं सुरू झाली. संपूर्ण वाचून झालेले. पुन्हा वाचलेले कारण आधीचे सापडले नाही. तिसऱ्यांदा वाचलेले मी स्वतः दोनदा तपासलेले. पेटीला थांबणं कळत नाही, लाज कळत नाही. ती आपली वाचत राहिली. दाजी खिडकीबाहेर पाहत होते. जावयाने एकदा हात पुढे करून बंद करू का असं खुणेनं विचारलं, तेव्हा ताईने मान हलवून नको म्हटलं. शेवटच्या नावापर्यंत तिने ऐकलं.

पंतोजींनी तेव्हा भांड्याचं, शून्याचं, अक्षरांच्या घरांचं सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. सांगताना आपण पुन्हा शिकवतोय असं त्यांच्या लक्षात आलं आणि ते मध्येच थांबले. "माझ्या एका ओळीमुळे झालं," ते म्हणाले. "आणि नंतर मी हसलो, त्यामुळे झालं."

भाची आधी बोलली. "मामा, मी आईला गॅसपाशी जाऊ देत नाही." ती रागाने बोलायला गेली होती, पण आवाज मध्येच फुटला. "आई रोज विचारते, मी काही चुकीचं तर नाही ना केलं. आणि मी तिला म्हणते, असू दे गं, तुला आता नाही आठवायचं."

ताई पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. बऱ्याच वेळाने तिने भावाकडे पाहिलं. शाळेत एखाद्या मुलाने कॉपी केली की ती आरडाओरडा करत नसे, नुसतं असंच पाहायची, असं दाजी पुढे कधीतरी म्हणाले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तू ते मांजराचं बोललास, तेव्हा तुला खरंच वाटलं होतं का, की मला आईसारखं होतंय?"

"नाही."

"मग काय वाटलं होतं?"

पंतोजींना खोटं बोलायची फार इच्छा झाली. हो, वाटलं होतं, घाबरलो होतो, म्हणून हसण्यावारी नेलं, असं म्हटलं असतं तर कुणालाही पटलं असतं. ते जोड्यांकडे पाहत म्हणाले, "काहीच वाटलं नव्हतं. माझं चुकत नाही, एवढंच डोक्यात होतं. तुझा विचारच केला नव्हता."

ताईने मान डोलावली, जणू उत्तर बरोबर आलं. "आईच्या वेळी मला दिसायचं, तिला स्वतःची लाज वाटायची," ती म्हणाली. "ती सांगायची नाही. मी इतके महिने तेच करत होते. आरशात पाहायलाही लाज वाटायची मला. ती आता एकदम कशी जाईल, मला कळत नाही."

असू दे, झालं गेलं, असं काहीतरी ती म्हणेल, अशी आशा पंतोजी मनाच्या तळाशी धरून आले होते. ती तसं म्हणाली नाही. ती उठली, शाल खुर्चीवर टाकली आणि चहा टाकते म्हणून आत गेली. भाची अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. सगळे तो ऐकत बसले.

डॉक्टरांना पुन्हा भेटून गोळ्या बंद व्हायला थोडा काळ गेला. ताईची पेंग गेली, चेहऱ्यावर मूळचा तजेला आला. पंतोजींनी संस्थेत स्वतः जाऊन सांगितलं, की अर्धवट पुस्तकांचा दोष बाईंचा नव्हता, माझा होता. तिथल्या मॅडमनी समजून घेतलं; फार समजून घेतलं, तेच त्यांना टोचलं. पेटी ताईकडे परत गेली. ती पुन्हा वाचू लागली, पण नावं मात्र आता तीही नुसत्या आकड्यांनी देते. हवं तेवढं लांब लिही, आता काही होत नाही, असं पंतोजींनी तिला दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणते, बघू. घरात मांजराचं नाव कुणी काढत नाही. खऱ्या मांजराचा विषय निघाला तरी बोलणारा चाचरतो.

मागच्या आठवड्यात पंतोजी तिला संस्थेत सोडायला म्हणून तिच्या घरी आले होते. दोघं बाहेर पडली, ताईने दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. जिन्याच्या वळणावर ती थांबली.

"लावलं ना मी?" तिने विचारलं.

"लावलंस. मी पाहिलं."

ताई त्यांच्या तोंडाकडे क्षणभर पाहत राहिली. मग कठड्याला धरून ती परत वर गेली. वरून कुलूप दोनदा खडखडल्याचा आवाज आला, मग थोडं थांबून आणखी एकदा. पंतोजी तिची पिशवी हातात घेऊन वळणावर उभे राहिले. खालून वर येणाऱ्या शेजारणीने विचारलं, काही राहिलं का? ते नाही म्हणाले आणि तिला जायला वाट देण्यासाठी भिंतीला टेकून सरकले.